छपरावरच्या सात बायका

डोडोमा, १२ एप्रिल

प्रिय नशोमा वहिनी,

तुझी नणंद खासदार झाली हे आता डोडोमाच्या वाऱ्यालाही कळलंय. काल संसदेच्या पायऱ्या चढताना त्याने माझ्या डोक्याचा फडका उडवला आणि तो थेट अर्थमंत्र्यांच्या गाडीच्या टपावर जाऊन पडला. गाडी निघून गेली. म्हणजे आपल्या म्विसोले गावचा फडका अर्थखात्यात पोचला, आता मी पोचायची बाकी आहे.

सभागृहात शिरले आणि दिसली ती खुर्ची धरून बसले. थोड्या वेळाने एकाने अदबीने माझ्यापुढे कागद ठेवले. मी बावीस वर्षांची मास्तरीण, पुढ्यात कागद आला की हात शिवशिवतो. लाल पेनाने चार चुका सुधारल्या, खाली 'अक्षर सुधारा' असं लिहिलं आणि परत दिले. ती जागा पाणीपुरवठा मंत्र्यांची होती, हे मला नंतर कळलं. ते गृहस्थ बिचारे दाराशी उभे होते. मला उठवायचा त्यांना संकोच वाटला म्हणे.

दुपारी जेवायला बसले तर समोर एक उंच, सुटाबुटातला माणूस येऊन उभा राहिला. कुठल्या तुम्ही, म्हणून विचारलं. म्हटलं, ताबोराकडची, न्यामवेझी. झालं. त्याने काही न बोलता माझ्या ताटातला मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला, तोंडात टाकला, आणि म्हणाला की तुमच्या लोकांना हाडं पुरतात. किनाऱ्याकडचा झारामो निघाला. शोमारी म्विनशेहे त्याचं नाव, किसारावेचा खासदार. वहिनी, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आठ दिवस सगळे 'सन्माननीय, सन्माननीय' करत होते, जीव गुदमरला होता. मी लगेच त्याचा चहा पिऊन टाकला.

माझ्या खोलीत राहणाऱ्या बाई बेटांवरच्या आहेत, त्या घाबरून पोलिसाला शोधायला लागल्या. त्यांना सांगितलं, अहो, आमच्या न्यामवेझी जमातीचं आणि झारामोंचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं आहे. तो मला काहीही बोलू शकतो, मी त्याला काहीही बोलू शकते, आणि जो रागावेल तो हरला. त्या म्हणाल्या, मग शत्रू कोणाला म्हणायचं? म्हटलं, जे गोड बोलतात त्यांना.

आता कामाचं. आपला दवाखाना सहा वर्षं बांधून पडलाय आणि खिडकीतून आत गेलेल्या शेळ्या तिथे संसार करतायत. आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात मला एकच ओळ घालून हवी आहे: म्विसोले, एक सुईण, एक बाळंतिणीची खोली, एक गाडी. त्यावर चर्चा १८ जूनला आहे. म्वाशीचे दिवस ऑगस्टमध्ये भरतात, हे मी विसरलेले नाही. तुझ्या पहिल्या वेळी ताबोराच्या वाटेवर पोर गेलं तेव्हा बैलगाडीचा कासरा माझ्या हातात होता, वहिनी. तू त्यावर कधी बोलत नाहीस, मीही बोलत नाही. पण तुझ्या लेकीला त्या वाटेने मी जाऊ देणार नाही. ती ओळ घेतल्याशिवाय घरी येणार नाही.

तुझी,
कालुंदे


म्विसोले, २१ एप्रिल

खासदारीणबाई वन्संना लांबूनच नमस्कार, कारण दोन्ही हात मधाने बरबटलेत आणि कागदाला मुंग्या लागल्यात. मुंग्या डोडोमापर्यंत आल्या तर त्यांनाही खुर्ची द्या.

तुमचं पत्र आंब्याखाली सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. मंत्र्यांना 'अक्षर सुधारा' म्हटलंत तिथे पाच वेळा थांबावं लागलं. तुमचे बंधू दूर बसून ऐकत नसल्याचं सोंग करत होते, पण हसताना त्यांच्या हातातली विडी लुंगीत पडली... असो, भोक लहान आहे.

पण वन्सं, मटणाचा तुकडा गेला आणि तुम्ही नुसता चहा प्यायलात? ही काय फेड झाली? इथे सगळ्यांना अपमान वाटला. झारामोला उत्तर द्यायचं तर दणकून द्यायला हवं, आणि तुम्ही पडलात शिकलेल्या, तुम्हाला सभ्य शिव्या येतात. म्हणून आम्ही बायका दोन दुपारी बसून काही टोमणे जमवून पाठवतोय. त्याच्या नाकाबद्दल तीन, चालण्याबद्दल दोन, आणि नारळ खाऊन खाऊन त्यांच्या डोक्यातही पाणीच भरलंय असा एक. हे कुठेही उडवा.

एक मात्र माझा स्वतःचा आहे, तो जपून ठेवा, मोठ्या दिवशी काढा. त्याला म्हणावं, 'तुझ्या आईच्या घराचं छप्पर एवढं गळतं की ती माउली अंथरुणातच आंघोळ उरकते, आणि तू इथे देशाला घरं बांधून द्यायला बसलायस.' हा ऐकून आपली म्हातारी कबुला दोन तास उचक्या देत होती.

म्वाशी बरी आहे. पोट बघून सगळ्या म्हणतात, आत दोन खासदार आहेत. दवाखान्यातल्या शेळ्यांना मी नोटीस दिली आहे.

तुमची भावजय,
नशोमा


डोडोमा, ३ मे

वहिनी,

तुझा तो वाक्‌बाण मी सोडला. सुटला, लागला, आणि आता माझ्याच पाठीत घुसलाय.

परवा घरबांधणीवर चर्चा होती. मी उभी राहिले, गळा छान लागला होता, गॅलरीत शाळेची पोरं बसली होती. तेवढ्यात शोमारी उठला. म्हणाला, सभापती महोदय, या बाईंना वेळेची मर्यादा सांगून उपयोग नाही, यांच्या गावात घड्याळ नाही, मधमाशी चावली की हे लोक उठतात. सगळं सभागृह हसलं. मीही हसले. आणि वहिनी, मला इतकं स्फुरण चढलं की नाकाबद्दलचे तीन, चालण्याबद्दलचे दोन सगळे गाळून मी एकदम तुझा काढला. आईचं छप्पर, अंथरुणातली आंघोळ, देशाची घरं, एका दमात.

छत कोसळेल असा हशा झाला. बाकं वाजली. गॅलरीतली पोरं खाली पडायच्या बेतात. त्या अर्ध्या मिनिटात मला वाटलं, मी उद्या पंतप्रधान होणार.

मग मी शोमारीकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

सभापतींच्या खुर्चीवर त्या दिवशी एलिनामी साहेब होते, उत्तरेच्या डोंगराकडचे, कडक इस्त्रीचा माणूस. त्यांनी सगळ्यांना शांत केलं आणि सरळ विचारलं की एका सदस्याच्या आईचा इथे उपमर्द झालाय, हे थट्टेचं नातं आहे का? असेल तर सन्माननीय म्विनशेहे यांनी एका शब्दात सांगावं, मी विषय इथेच सोडतो. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. एक शब्द, वहिनी. त्याने कागद गोळा केले आणि चालता झाला.

आता माझं प्रकरण शिस्तपालन समितीकडे गेलंय. सुनावणी २८ मेला. दोषी ठरले तर अख्खं अंदाजपत्रकाचं अधिवेशन बाहेर. म्हणजे १८ जूनला म्विसोलेचं नाव घ्यायला सभागृहात कोणी नाही.

मला त्याचा इतका राग आलाय. सूट चढवला म्हणजे नातं उतरवून ठेवायचं का? माझ्या ताटातलं मटण खाताना बरं होतं नातं. आता मोठा साहेब झाला.

कालुंदे


म्विसोले, ११ मे

वन्संना नमस्कार.

पत्र वाचलं. आंब्याखाली वाचलं नाही, एकटीने वाचलं. वाक्य माझं होतं आणि शिक्षा तुम्हाला, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

गावात काय बातमी पसरली ते विचारू नका. बाजारात ऐकलं की तुम्ही तुरुंगात आहात. संध्याकाळपर्यंत तुम्ही तिथून पळालेल्याही होतात. तुमचे बंधू भाला घासायला बसले, तो मी माळ्यावर टाकलाय.

तुम्ही काळजी करू नका. मी काहीही करणार नाही. मी घरातच आहे, घरातच राहणार. मधाची पोळी उतरवायचे दिवस आहेत, म्वाशीला सोडून जाणार तरी कुठे? तिला पंधरा दिवस तिच्या सासूकडे पाठवलंय, ते आपलं हवापालटासाठी. मी अगदी शांत आहे. मी आणि आंब्याखालच्या सहाजणी, आम्ही सगळ्याच अगदी शांत आहोत.

नशोमा

ता.क. डोडोमा स्टेशनवर गाडी किती वेळ थांबते? सहज विचारलं.


डोडोमा, १८ मे

प्रिय वहिनी,

तू घरी शांत आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. खरं सांगू, मला धास्ती होती की तू काहीतरी उद्योग करशील.

गाडी अर्धा तास थांबते. का गं?

इथे आमचे पक्षप्रतोद रोज माझ्या खोलीचा उंबरा झिजवतायत. त्यांनी माफीनामा टाइप करून आणलाय. 'सन्माननीय म्विनशेहे हे मला परके असून त्यांच्या मातोश्रींबद्दल मी जे बोलले त्याबद्दल मी क्षमा मागते.' सही केली की प्रकरण मिटेल, १८ जूनला मी जाग्यावर असेन, ओळ मिळेल.

पण तुला ठाऊक आहे ना, थट्टेकऱ्याची माफी मागायची म्हणजे काय. आपल्याकडे ती शिवीपेक्षा वाईट. तू माझा कोणी नाहीस, असं तोंडावर सांगणं. आपल्या आज्यापणज्यांपासून कोणी तसं लिहून दिलं नसेल, आणि मी देणार, तेही सरकारी कागदावर, तीन प्रतींत.

दिवसभर पेन हातात घेऊन बसते. मग म्वाशी डोळ्यांपुढे येते. वहिनी, मी सही करणार आहे. नातं काय, मी तोडलं तरी तुम्ही बाकीचे जपाल. सोमवारी, २६ला देते म्हटलंय. तू मला रागावू नकोस.

कालुंदे


किसारावे, २४ मे

वन्सं,

सही करू नका. पेन खाली ठेवा आणि मग पुढचं वाचा.

मी घरी नाही. घरी शांत असलेल्या आम्ही सातजणी तीन दिवस किसाराव्यात आहोत. गाडी डोडोमाला थांबली तेव्हा मी बाकाखाली वाकून बसले होते, तुम्ही फलाटावर दिसला असतात तर पंचाईत झाली असती. अर्धा तास म्हणजे फार होतो हो, कंबर धरली.

ठरवून आलो होतो की थट्टेकरी तोंड फिरवतो तर त्याच्या आईच्या अंगणात जाऊन बसायचं आणि तो बोलेपर्यंत उठायचं नाही. घर विचारत विचारत पोचलो. अंगणात शिरल्याशिरल्या दोन कोंबडे धरले, म्हातारीच्या खाटेवर बसलो, आणि तिच्या लेकाच्या नावाने गळा काढला, की हाय हाय, शोमारी मेला, जिवंत असता तर बोलला असता. शंभर माणूस जमलं. म्हातारी काठी घेऊन बाहेर आली. बी म्वाजुमा तिचं नाव. आम्हाला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, न्यामवेझी का? म्हटलं, हो. तर डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. म्हणाली, शेजारचा न्यामवेझी वारला त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या अंगणात येऊन मला कोणी धड शिवी दिलेली नाही. आणि मग तिने आमच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला तो मी लिहिणार नाही, पत्र टपालात जळेल. कबुला म्हातारी तिच्या प्रेमातच पडली आहे.

तेवढ्यात पाऊस आला. आम्ही घरात पळालो. आणि वन्सं, घरातही पाऊस होता.

छप्पर खरंच गळतं. चार ठिकाणी भांडी मांडलेली, खाट मधोमध ओढलेली, वर प्लास्टिक बांधलेलं. मी तर हवेत दगड मारला होता, तो नेमका या म्हातारीच्या डोक्यावर पडला होता. मी तिचे पाय धरणार होते, पण माफी मागायची नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही छपरावर चढलो.

आता, आपण गवताची घरं शाकारणाऱ्या. इथे नारळाच्या झावळ्या. कशा लावतात कोणाला ठाऊक? उलट्या लावल्या, सुलट्या केल्या, पुन्हा उलट्या. खाली अख्खा गाव जेवणाचे डबे घेऊन बघायला बसलेला. काल दुपारी एक उंच माणूस येऊन उभा राहिला, कोट हातावर, तोंड उघडं. मला वाटलं, कोणीतरी रिकामटेकडा. मी ओरडले, बघत काय राहिलायस लांबुळक्या, झावळ्या दे वर. त्याने कोट कुंपणावर टाकला आणि दीड तास निमूट झावळ्या दिल्या. दोनदा मी त्याला आळशी म्हटलं, एकदा गाढव. शेवटी बी म्वाजुमा दारात येऊन म्हणाली, 'शोमारी, हात धू, या उंटिणींनाही खाली बोलाव.'

मी जवळजवळ घरंगळलेच.

जेवताना तो मान वर करेना. मग एकदाचा बोलला. 'मी रागावलो नव्हतो. मला लाज वाटली. तीन पावसाळे मी छप्पर करतो, करतो म्हणतोय. सगळं सभागृह हसलं तेव्हा मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे.' मी म्हटलं, बाबा, माहीत कोणालाच नव्हतं, मला तर तुझी आई हयात आहे हेही माहीत नव्हतं. मग म्हातारी हसायला लागली, मग तो, आणि भात सगळा गार झाला.

तुमच्या माफीनाम्याचंही त्याच्याकडूनच कळलं, आणि हे पत्र त्याच्याच खिशातून येतंय. आज दुपारच्या गाडीने निघतोय, उद्या तुमच्या दारात असेल. चहा द्या, पण कप घट्ट धरा.

नशोमा


डोडोमा, १९ जून

माझ्या खोटारड्या, बाकाखाली बसणाऱ्या वहिनी,

आधी समितीचं सांगते, मग कालचं. उड्या मारत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

माफीनामा मी फाडला. प्रतोदांनी कपाळाला हात लावला. अठ्ठावीसला लांबलचक टेबल, नऊ माणसं, मध्यभागी एलिनामी साहेब. त्यांनी शोमारीला विचारलं, या बाई तुमच्या आईबद्दल जे बोलल्या त्यावर तुमचं काय म्हणणं? तो उठला, कोटाचं बटण लावलं.

म्हणाला, 'साहेब, ते खरं होतं. छप्पर गळत होतं. आता यांच्या घरच्या बायकांनी ते शाकारलंय, आणि इतकं वाईट शाकारलंय की किसाराव्यात लोक बघायला येतात. ही माझी थट्टेकरीण आहे. मी त्या दिवशी बोललो नाही, ती चूक माझी. आणि हिने माफी मागितली, तर मात्र मी तक्रार करीन.'

एलिनामी साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि विचारलं की झावळ्या उलट्या लावल्या होत्या का? तो म्हणाला, दोनदा. साहेबांनी प्रकरण बंद असं लिहिलं. नंतर बाहेर मला म्हणाले की त्यांच्याही डोंगरात थट्टेकरी आहेत, पण खुर्चीवर बसल्यापासून कोणी त्यांची थट्टा करत नाही. बिचारे. मी लगेच त्यांच्या इस्त्रीबद्दल काहीतरी बोलले. त्यांना बरं वाटलं.

आता काल. आरोग्याची चर्चा. मी म्विसोलेचं सगळं मांडलं: सहा वर्षं, शेळ्या, सत्तर मैल, बैलगाडी. कासऱ्याचंही सांगितलं, वहिनी. तुला न विचारता सांगितलं. हसवण्यासारखं काही नव्हतं आणि मी कोणाला हसवलंही नाही. मंत्री म्हणाले, सहानुभूती आहे, पुढच्या वर्षी बघू.

मी खाली बसले.

आणि शोमारी उठला. मला वाटलं, आता हा मधमाश्या काढणार, आणि मला रडू फुटणार. तो हळू आवाजात म्हणाला, 'मंत्रिमहोदय, या बायका वाटेत मेल्या तर आम्ही किनाऱ्यावरच्यांनी थट्टा कोणाची करायची? माझ्या जिल्ह्याला दोन सुइणी मंजूर आहेत. त्यातली एक यांना द्या. यांची पोरं जगू देत, मग मी त्यांना बघून घेतो.'

हसलं कोणीच नाही. मंत्र्यांनी मागे वळून त्यांच्या माणसाला काहीतरी विचारलं, पेन मागितलं, आणि छापील कागदाच्या कडेला हाताने एक ओळ लिहिली. मी इतक्या लांबून वाचली. अक्षर भयंकर होतं. मी काही बोलले नाही.

सुईण, खोली, गाडी. जुलैअखेर. म्वाशीला सांग. शेळ्यांना सांग.

तुझी,
कालुंदे


म्विसोले, २३ ऑगस्ट

वन्सं,

थोडक्यात लिहिते.

परवा पहाटे म्वाशीला कळा सुरू झाल्या. घरापासून दवाखान्यापर्यंत चालत गेलो, तीनशे पावलं, मी मोजली. सिस्टर तातू, तुमच्या त्या थट्टेकऱ्याच्या हिश्श्यातली सुईण, महिनाभर झाला येऊन, पण कामाशिवाय एक अक्षर बोलत नव्हती. आम्हाला वाटायचं, शहरातली आहे, शिष्ट आहे.

दुपारपर्यंत पोर अडून बसलं होतं. म्वाशीने धीर सोडला, म्हणाली, आई, मला जमत नाही. मला काही सुचेना. मला ती वाट दिसायला लागली, वन्सं. मी भिंतीला धरून उभी होते.

तेव्हा तातू हात न थांबवता म्हणाली, 'हे काय कण्हणं? आमच्या किनाऱ्यावर शेळीसुद्धा याहून जोरात ओरडते.'

म्वाशीने डोळे उघडले. घामाने निथळत होती, ओठ फुटले होते. म्हणाली, 'शेळीला तुझं तोंड बघावं लागत नाही ना.'

आणि ती हसली हो, माझी लेक. त्या कळांत हसली. तातू इतकी हसली की तिला स्टुलावर टेकावं लागलं. मीच ओरडले, अगं बायांनो, आधी बाळ, मग भांडण. आणि त्या हसण्याच्याच जोरात ते बाहेर आलं.

मुलगी आहे. दोघी धडधाकट आहेत. जन्मल्यापासून आवाज बंद केलेला नाही. तातूने तिला उचलून घेतलं, ती आणखी किंचाळली, मग मी घेतलं, मग तुमच्या बंधूंनी. कोणाचं ऐकायला तयार नाही. वन्सं, तुम्ही या आता, आणि येताना खासदारकी सांभाळून या. खुर्ची मागणारी आली आहे.

नशोमा